परतून आलेला सूर : चाहता आणि सहृदय

१

आस्वादकाच्या डोळ्यांतील पाण्याचा विचार टीकेने करावा की नाही, हा वाद जुना आहे. अश्रू हा रसप्रतीतीचा पुरावा मानला, तर शोकसभेतील प्रत्येक भाषण काव्य ठरेल. आणि अश्रू सर्वस्वी गैरलागू मानले, तर जिवंत माणसांनी ऐकलेल्या गाण्याविषयी बोलण्यासारखे टीकेजवळ फारसे काही उरणार नाही. एरवी हा वाद तत्त्वचर्चेच्या कोपऱ्यात स्वस्थ पडून असतो. क्वचित एखादी घटना अशी घडते की ती त्याला पुन्हा उजेडात आणते. गायक लकी अली यांचे पुनरागमन आणि त्याला त्यांच्या चाहत्यांनी दिलेला प्रतिसाद ही अशी एक घटना होय.

२०२० च्या नोव्हेंबरात लकी अली यांनी आपले जुने गीत ‘ओ सनम’ केवळ गिटारच्या साथीने पुन्हा गायिले. त्याची चित्रफीत बघता बघता देशभर पसरली. गायकाचे वय त्या वेळी बासष्ट होते. केस आणि दाढी पिकलेली, चेहऱ्यावर उन्हातान्हाच्या खुणा, आवाज मात्र ओळखीचा. त्याच सुमारास गोव्यातील हरमल येथे मोजक्या मंडळींपुढे त्यांनी हेच गीत म्हटले. तीही चित्रफीत अभिनेत्री नफीसा अली यांच्याकडून रसिकांपर्यंत पोचली. ते वर्ष महामारीचे होते. माणसे घरांत कोंडली गेली होती आणि प्रत्येकाच्या मनात कोणाच्या ना कोणाच्या वियोगाची धास्ती होती. अशा वेळी वियोग आणि आठवण ह्यांवाचून दुसरा विषयच नसलेले ते गीत एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना हजारो श्रोत्यांची मने भरून आली.

ती कशाने भरून आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गाण्याने, गायकाच्या वयाने, की श्रोत्यांच्या स्वतःच्या हरवलेल्या वर्षांनी? ह्या तिन्ही गोष्टी एका अश्रूत मिसळलेल्या असतात हे खरे. परंतु मिसळलेल्या गोष्टी वेगळ्या करून पाहणे हेच टीकेचे काम आहे. ह्या प्रकरणात ते काम केवळ तात्त्विक हौसेचेही नाही. एका जिवंत कलावंताला वर्तमानकाळ आहे की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

२

लकी अली यांचा जन्म १९ सप्टेंबर १९५८ चा. विनोदी अभिनेते मेहमूद हे त्यांचे वडील. मीनाकुमारी त्यांची मावशी. चित्रपटसृष्टीच्या इतक्या जवळ जन्मूनही त्यांचे नाव झाले ते चित्रपटाबाहेरच्या गीतांमुळे. १९९६ मध्ये ‘सुनो’ हा त्यांचा गीतसंग्रह निघाला. ‘ओ सनम’ हे त्यातलेच गीत. शब्द सय्यद अस्लम नूर यांचे, संगीत माइकी मॅक्लिअरी यांचे, आणि इजिप्तच्या वाळवंटात चित्रित केलेली तिची दृश्ये. त्या काळी दूरचित्रवाणीवर संगीताच्या स्वतंत्र वाहिन्या नव्यानेच आल्या होत्या आणि चित्रपटाच्या कथेशी काही संबंध नसलेले, गायकाच्या स्वतःच्या नावाने चालणारे गीत शहरी तरुणांना प्रथमच इतक्या सहज भेटत होते. १९९८ मध्ये ‘सिफर’ आणि २००१ मध्ये ‘अक्स’ हे संग्रह आले. २००० मधील ‘कहो ना... प्यार है’ ह्या चित्रपटातील गीतांनी तो आवाज घराघरांत नेला. पुढे मात्र खासगी गीतसंग्रहांचा तो प्रवाहच आटला. चित्रपटगीताने पुन्हा सगळे अंगण व्यापले, कॅसेट गेली, आणि लकी अली हे अधूनमधून ऐकू येणारे नाव झाले. २०१५ मधील ‘तमाशा’ चित्रपटातील ‘सफरनामा’ ह्या गीतानंतर हिंदी चित्रपटात त्यांचा आवाज बराच काळ ऐकू आला नाही.

ह्या वर्षांत त्यांचे वास्तव्य बंगळूरजवळ येलहंकेच्या बाजूला, शेतावर होते. हा तपशील केवळ चरित्राचा नव्हे. बंगळूर ही भारतातील रॉक संगीताची राजधानी असे तेथील रसिक अभिमानाने म्हणतात, आणि त्या अभिमानाला पॅलेस ग्राउंड्सच्या मैदानाची साक्ष आहे. पण त्या मैदानाचा इतिहास बारकाईने पाहिला तर एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. रॉजर वॉटर्स २००२ मध्ये तेथे आले ते साठीच्या उंबरठ्यावर. २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स आले तेव्हा मिक जॅगर यांचीही तीच अवस्था. आयर्न मेडन २००७ मध्ये आले तेव्हा त्यांच्या कीर्तीला पाव शतक होऊन गेले होते. पाश्चात्त्य रॉकचे तारुण्य ह्या शहराने फक्त तबकड्यांतून आणि कॅसेटींतून ऐकले. प्रत्यक्ष दर्शन झाले ते प्रौढ, सुरकुतलेल्या चेहऱ्यांचे. तारुण्याचा जयघोष करणारे हे संगीत बंगळूरच्या श्रोत्याने सदैव थोडे उशिराच अनुभवले. समोर उभा असलेला माणूस आणि कानांत घोळणारा आवाज ह्यांच्यामधले वीस-पंचवीस वर्षांचे अंतर आपल्या कल्पनेने भरून काढण्याची सवय त्याला त्यातूनच जडली.

लकी अली यांचे संगीत काटेकोर अर्थाने रॉक आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. गिटारभोवती उभारलेली रचना, गायकाने स्वतःच्या जगण्याशी इमान राखून गाण्याचा दावा आणि रागदारीच्या तालमीचे ओझे न बाळगणारा कंठ ही त्या घराण्याचीच लक्षणे आहेत. स्वरांची ठेवण मात्र गझल आणि फकिरांची गाणी ह्यांच्याकडे झुकते. मोठ्या वाद्यकल्लोळाऐवजी एकट्या माणसाची वाटचाल तीत ऐकू येते. शिवाय बंगळूर हे बाहेरून आलेल्यांचे शहर आहे. पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून संगणकाच्या व्यवसायासाठी तेथे गेलेला मराठी माणूस आज चाळिशी ओलांडून गेला आहे. १९९६ मध्ये तो शाळा-महाविद्यालयात होता. गाव सोडून आलेल्या माणसाला प्रवासाचे आणि वियोगाचे गाणे अधिक जवळचे वाटावे, ह्यात नवल नाही.

३

ह्या श्रोत्यांच्या प्रतिक्रियांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार स्वतःविषयी बोलणारा. ह्या गाण्याने शाळेचे दिवस परत आणले, वसतिगृहाची गच्ची आठवली, पहिले प्रेम आठवले, असे तो म्हणतो. दुसरा गायकाविषयी बोलतो : केवढा हा माणूस, ह्याला चित्रपटसृष्टीने कसे दूर ठेवले, वय झाले तरी आवाज कसा तसाच राहिला. तिसरा, संख्येने सर्वांत लहान, गाण्याविषयी बोलतो : वाद्ये काढून टाकल्यावर चालीचा सांगाडा कसा उघडा पडला, एखादा स्वर पूर्वी धरला जाई तो आता कसा सोडून दिला जातो.

मराठीत चाहता आणि रसिक हे दोन शब्द हल्ली एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. वस्तुतः त्यांत भेद आहे. चाहत्याची निष्ठा व्यक्तीवर असते. रसिकाची निष्ठा रसावर. चाहता आपल्या माणसाचे काहीही ऐकतो. रसिक कोणाचेही चांगले ऐकतो. वरील तीन प्रकारांपैकी पहिले दोन चाहत्याचे आहेत. त्यांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. प्रेम ही काही कमी प्रतीची वस्तू नव्हे. परंतु ह्या प्रेमात एक धोका दडलेला आहे, आणि तो ह्याच प्रकरणात उघड झाला.

२०२१ च्या मे महिन्याच्या आरंभी, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, लकी अली निवर्तले अशी अफवा पसरली. श्रद्धांजलीचे शब्द वाहू लागले. अखेर नफीसा अली यांनी, ते आपल्या शेतावर कुटुंबासमवेत सुखरूप आहेत, असे जाहीर केले. त्या दिवसांत अशा अफवा अनेकांविषयी उठत होत्या हे मान्य केले तरी, ही अफवा इतक्या सहजतेने का स्वीकारली गेली ह्याचा विचार करण्यासारखा आहे. ज्या गायकावर लोक आपला भूतकाळ म्हणून प्रेम करीत होते, तो त्यांच्या मनात आधीच भूतकाळात जमा झाला होता. मृत्यूच्या वार्तेने त्यावर केवळ तारीख घातली. त्याच वर्षी लकी अली यांनी एलिएझर बोत्झेर ह्या इस्रायली कलावंताबरोबर नवी गीते प्रसिद्ध केली; त्यांची चर्चा ‘ओ सनम’च्या मानाने थोडीच झाली. जुन्या गाण्यावर रडणाऱ्यांपैकी फार थोडे नवे गाणे ऐकण्यास थांबले. चाहत्याच्या प्रेमाला कलावंत हवा असतो, पण त्याचे आजचे असणे नको असते, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. परंतु ते अगदीच असत्य नाही.

हा अनुभव केवळ भारतीय नव्हे. इंग्लंडचे डेव्हिड बोवी यांनी दहा वर्षे एकही नवा संग्रह काढला नव्हता. ८ जानेवारी २०१३ रोजी, आपल्या सहासष्टाव्या वाढदिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता त्यांनी एक नवे गीत प्रसिद्ध केले. बर्लिनमधील आपल्या जुन्या दिवसांची आठवण काढणारे, मंद आणि उदास असे ते गीत होते. जगभरच्या चाहत्यांना गहिवर आला. आणि अनेकांनी त्या कृश स्वरात गायकाची प्रकृती वाचली. हा निरोप आहे, असे त्यांना वाटले. दोनच महिन्यांनी संपूर्ण संग्रह निघाला तेव्हा त्यातील इतर गीते जोमदार आणि आवेशपूर्ण निघाली! तो दुबळा स्वर त्या एका गीतापुरता हेतुपुरस्सर योजलेला होता. चाहत्यांनी जो वैद्यकीय अहवाल म्हणून ऐकला तो वस्तुतः अभिनय होता. कलावंताने घेतलेली ती एक भूमिका होती. बोवी पुढे जानेवारी २०१६ मध्ये निवर्तले, म्हणून २०१३ चा निष्कर्ष बरोबर ठरत नाही. कलाकृतीला चरित्राची पुरवणी मानले की तिच्यातील कलाच ऐकू येईनाशी होते, हेच ह्यावरून दिसते.

४

भारतीय साहित्यशास्त्राला हा पेच अपरिचित नाही. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली आहेत. त्यांतील एक आहे ‘निजसुखादिविवशीभाव’. स्वतःच्या सुखदुःखांनी विवश झालेला प्रेक्षक समोरच्या नाट्याशी तन्मय होऊ शकत नाही. नाटकातील शोक पाहून ज्याला आपल्या घरचा शोक आठवतो, त्याने नाटक पाहिलेच नाही. नाटकाचे निमित्त करून तो आपल्या घरी जाऊन आला. ह्या कसोटीवर ‘शाळेचे दिवस आठवले’ म्हणणारा श्रोता सरळ नापास होतो.

पण ह्या विघ्नावर अभिनवगुप्ताने सांगितलेला उपाय लक्षात घेण्याजोगा आहे. वाद्ये, गायन, शोभिवंत रंगमंडप आदींच्या योगाने प्रेक्षकाचे मन रंगवून टाकावे, म्हणजे जो सहृदय नाही त्याचेही हृदय निर्मळ होऊन तो सहृदय बनतो, असे तो म्हणतो. म्हणजे स्वतःतच गुरफटलेल्या मनाला त्यातून बाहेर काढणारे औषध म्हणून त्याने गाणेच सुचविले आहे. येथे मात्र गाणेच माणसाला त्याच्या स्वतःच्या सुखदुःखांत ढकलीत आहे. औषधानेच रोग आणला, तर कोणत्या वैद्याकडे जावे?

ह्या पेचातून निघण्याची वाटही त्याच परंपरेत सापडते. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गाणे दुष्यंताच्या कानी पडते आणि तो अकारण व्याकुळ होतो. प्रिय माणसाचा वियोग झालेला नसताना हे मन उत्कंठित का व्हावे, हे त्याला उमजत नाही. शापाने त्याची शकुंतलेची आठवण पुसलेली आहे; म्हणून गाण्याने जागी केलेली हुरहुर कोणत्याही विशिष्ट घटनेला जाऊन चिकटत नाही. अभिनवगुप्त ह्या प्रसंगातील श्लोकाचा दाखला देतो आणि बजावतो की येथील स्मृती ही तार्किकांनी वर्णिलेली, पूर्वी अनुभवलेल्या वस्तूची स्मृती नव्हे. ती एक प्रकारचा साक्षात्कार आहे. गाण्याने आठवण यावी, पण ती कशाची हे सांगता येऊ नये. हुरहुर असावी, पण तिच्यावर कोणाचे नाव कोरलेले नसावे. ही सहृदयाची अवस्था होय. चाहत्याच्या हुरहुरीवर मात्र नाव, गाव आणि सनही कोरलेले असते.

मराठीत मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मांडलेला लयसिद्धान्त ह्या बाबतीत अधिकच कडक आहे. संवाद, विरोध आणि समतोल ह्या तत्त्वांनी घडणारी संवेदनांची रचना हेच सौंदर्य. ऐकणाऱ्याच्या आयुष्यातील प्रसंगांना तेथे प्रवेश नाही. ह्या भूमिकेतून पाहता परतलेल्या गाण्याचे सगळे कौतुकच सौंदर्यबाह्य ठरते. परंतु येथे एक बारीक गोष्ट सुटून जाते, आणि प्रस्तुत प्रश्नाची किल्ली तिच्यातच आहे.

गाण्याच्या संबंधात आठवण दोन प्रकारची असते. एक, गाण्यामुळे येणारी आठवण. दुसरी, गाण्याचीच आठवण. पहिली श्रोत्याच्या चरित्रात जाते : तेव्हा कोण बरोबर होते, पाऊस कसा होता. दुसरी गाण्याच्या देहात राहते : ही ओळ मुळात कोठे वळत असे, हा स्वर किती वेळ टिकत असे, ह्यानंतर कोणते वाद्य येत असे. पहिली आठवण रसाचे विघ्न आहे. दुसरी मात्र रचनेचा भाग आहे. ख्याल ऐकणारा श्रोता बंदिशीचे मुखडे मनात धरून बसलेला नसेल, तर गवयाने समेवर येताना घेतलेले वळण त्याला कळणारच नाही. जुने गाणे पुन्हा गायिले जाते तेव्हा मूळ गायन हे श्रोत्याच्या मनातील अदृश्य बंदिशीसारखे असते. त्याच्याशी आजचा सूर संवाद साधतो, विरोध करतो, कधी समतोल राखतो. मर्ढेकरांची तत्त्वे येथे बाद होत नाहीत. त्यांना फक्त काळाचे आणखी एक परिमाण लाभते.

५

मराठी रसिकाला ह्या भेदाची ओळख करून देण्याची गरज नाही. तो त्याच्या संगीताच्या इतिहासात घडून गेलेला आहे. बालगंधर्व उतारवयात, पायांतील बळ गेल्यानंतर, बसून भजने गात. ते ऐकण्यास जमणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक असत. काहींना त्या थकलेल्या मूर्तीत पूर्वीची रुक्मिणी, भामिनी, सिंधू दिसे. ते डोळ्यांत पाणी आणून शालू, अत्तर आणि गंधर्व नाटक मंडळीचे वैभव आठवीत. गाणे त्यांच्यासाठी केव्हाच संपलेले होते. दुसरे काही, अगदी थोडे, त्याही स्थितीत स्वराच्या जागेकडे कान लावून बसत. आवाज क्षीण झाला तरी स्वराकडे जाण्याची वाट बदलली नव्हती, हे त्यांना ऐकू येत असे. कुमार गंधर्वांनी पुढे बालगंधर्वांची पदे आपल्या पद्धतीने सादर केली तेव्हा त्या कार्यक्रमाला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. ‘आठवलेले’ असे न म्हणता ते ‘उमजलेले’ म्हणाले. चाहता आणि सहृदय ह्यांच्यातील सगळे अंतर त्या एका शब्दाच्या निवडीत सामावले आहे.

स्वतः कुमार गंधर्वांचे पुनरागमन तर ह्या विषयातील आदर्श उदाहरण म्हणावे लागेल. १९४७ मध्ये त्यांना क्षयाने ग्रासले. देवासला सुमारे सहा वर्षे गाणे बंद होते. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा लोकांच्या स्मरणात लहानपणी थक्क करणारा एक चमत्कार होता, आणि समोर मर्यादित श्वासाचा, तुटक पण तेजस्वी फेकीचा, माळव्याच्या लोकगीतांतून नवे राग शोधणारा गवई होता. त्या वेळी पूर्वीचा कुमार हवा म्हणणारे चाहते कमी नव्हते. कुमारांनी त्यांचे ऐकले नाही. श्वासाची मर्यादा त्यांनी शैलीत रूपांतरित केली, आणि तसे करून श्रोत्यांना नवे कान घेण्यास भाग पाडले. पुनरागमन ही तेथे चरित्रातील घटना राहिली नाही. ती संगीतातील घटना झाली.

लकी अली यांची प्रतिभा ह्या दोन गंधर्वांच्या पंक्तीत बसविण्याचा येथे हेतू नाही. तसे करणे त्यांनाही मानवणार नाही. क्षेत्र वेगळे, साधना वेगळी, आकांक्षा वेगळी. परंतु कसोटी तीच लावता येते : परतलेला सूर श्रोत्याला त्याच्या स्वतःच्या गतकाळात सोडून देतो, की गाण्याच्या आजच्या रूपाकडे खेचून आणतो?

६

ह्या कसोटीवर २०२० चे ‘ओ सनम’ पाहावे. १९९६ च्या मूळ ध्वनिमुद्रणात गीताला वाद्यांचा सफाईदार पोशाख आहे, आणि दृश्यांत वाळवंटाची भव्य पार्श्वभूमी आहे. अडतिशीचा गायक तेथे विरहाची भूमिका करीत आहे. त्याचा कंठ मुळातच खरखरीत, किंचित अनुनासिक, बोलण्याच्या पातळीजवळ राहणारा. ओळीच्या शेवटी स्वर मिरविण्याऐवजी तो खाली ठेवून देण्याची त्याला सवय. ह्या थकव्याला त्या वेळी एक प्रकारची मोहकता होती, कारण तो थकवा कल्पिलेला होता. तरुण श्रोत्यांनाही तो आवडला तो ह्याचसाठी : ज्यांनी अद्याप काही गमावले नव्हते त्यांना गमावल्याची ऐट त्यातून मिळाली.

चोवीस वर्षांनी वाळवंट गेले, वाद्ये गेली. उरले ते एक गिटार आणि तोच कंठ. ज्याच्या कानात मूळ गाणे आहे त्याला ती नसलेली वाद्ये आपापल्या जागी ऐकू येतात. पण प्रत्यक्षात तेथे शांतता असते. हा विरोध अत्यंत परिणामकारक आहे, आणि तो पूर्णपणे संगीतातला आहे. गीताचा विषय आहे दूर गेलेल्याची आठवण. आणि आता गीताच्या रचनेतच काही दूर गेलेले आहे. विषय आणि रूप ह्यांची अशी गाठ मूळ गायनात पडली नव्हती. गायकाच्या वयाने गाणे करुण झाले असे चाहते म्हणतात. अधिक नेमके म्हणायचे तर, गाणे जे वय प्रथमपासून मागत होते तेथवर गायक आता पोचला. स्वर खाली ठेवून देण्याची जी लकब पूर्वी ढब होती, ती आता गरज झाली. आणि गरज झाल्यामुळे तिचा अर्थ पालटला. हे ऐकण्यासाठी श्रोत्याला आपल्या शाळेकडे वळावे लागत नाही. गाण्याकडेच अधिक लक्ष द्यावे लागते. ह्या अर्थाने ते पुनर्गायन केवळ स्मरणरंजन नाही. ते मूळ गीताचे भाष्य आहे.

एप्रिल २०२४ मध्ये ‘दो और दो प्यार’ ह्या चित्रपटासाठी लकी अली यांनी ‘तू है कहाँ’ हे नवे गीत गायिले. ‘सफरनामा’नंतर नऊ वर्षांनी हिंदी चित्रपटात त्यांचा आवाज आला होता, आणि तोही पुन्हा उदास गीतात. चित्रपट आहे एका विवाहित जोडप्याचा. एका छपराखाली राहूनही ती दोघे एकमेकांना दुरावलेली आहेत. गीताचे शीर्षकच एक प्रश्न आहे. तो दूरदेशी गेलेल्याला विचारलेला नाही. जवळ असून हरवलेल्याला विचारलेला आहे. चाहत्यांनी मात्र ह्याही गीताचे स्वागत एकोणीसशे नव्वदचे दशक परतले अशाच शब्दांत केले. ज्या गीताला भूतकाळ नाही त्यालाही त्यांनी आपला भूतकाळ बहाल केला!

रचना म्हणून हे गीत ‘ओ सनम’च्या तोडीचे आहे असे म्हणवत नाही. चित्रपटगीताला प्रसंगाची सेवा करावी लागते, आणि त्या सेवेत चालीला मोकळे फिरण्यास जागा थोडी उरते. तरीही एका गोष्टीत ते जुन्या गीतापेक्षा धीट आहे. जुने गीत आठवणीत विसावा शोधते. ह्या गीताला तो विसावा उपलब्ध नाही. गायकाला येथे आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणाची सावली नाही, श्रोत्याच्या कानांत अदृश्य बंदिश नाही. पासष्टीचा आवाज नवी ओळ पहिल्यांदाच उच्चारीत आहे. त्याची खरी परीक्षा येथे आहे, आणि त्यात तो उतरतो तो कंठाच्या मोहकतेमुळे नव्हे, तर प्रश्नाला उत्तर असल्याचा आव न आणल्यामुळे. हा गुण ज्याला ऐकायचा आहे त्याने १९९६ घटकाभर विसरले पाहिजे. दुष्यंताला शापाने जे साधले ते सहृदयाने प्रयत्नाने साधावयाचे असते.

७

ह्याचा अर्थ चाहत्याने आपले अश्रू आवरावेत असा नाही. स्वतःच्या आठवणीतून गाण्यात शिरणे हा गुन्हा नव्हे. बहुतेक माणसे त्याच दाराने आत येतात. दोष दाराचा नसतो, दारातच बसून राहण्याचा असतो. जो श्रोता आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरून निघून, गिटारच्या दोन ठोक्यांमधल्या शांततेपर्यंत पोचला, त्याच्या अश्रूचे मूळ निजसुखदुःखात असले तरी त्याचे फळ रसात आहे. जो गच्चीवरच राहिला त्याने गाणे ऐकले नाही. गाण्याच्या सोबतीने स्वतःला ऐकले. एकाच मैफलीत हे दोघे शेजारी बसलेले असतात आणि दोघांचेही डोळे ओले असतात. बाहेरून त्यांत फरक दिसत नाही, म्हणूनच अश्रू मोजून आस्वादाचे माप घेता येत नाही.

लकी अली यांच्या मैफलींत आजही ‘ओ सनम’चे सूर छेडले की श्रोते सारे गीत स्वतःच म्हणू लागतात. त्या क्षणी गायक मागे सरतो आणि समुदाय आपलेच तारुण्य आळवितो. ते दृश्य हृद्य असते, ह्यात शंका नाही. परंतु त्या गजरात एका माणसाचा आजचा आवाज बुडून जातो, हेही तितकेच खरे. जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली जाणे आणि स्वतःच्याच गाण्यात ऐकू न येणे ह्या दोन गोष्टींत प्रकाराचा भेद नाही, केवळ प्रमाणाचा आहे.

‘तू है कहाँ’ हा प्रश्न चाहत्यांनी आपल्या गायकाला इतकी वर्षे विचारला. तो कोठे होता हे कोणाला अज्ञात नव्हते. तो बंगळूरच्या सीमेवर शेती करीत होता, वयाने वाढत होता, नव्या माणसांबरोबर नवी गाणी गात होता. गैरहजर होता तो श्रोता; त्याचे कान १९९६ मध्ये राहून गेले होते. परतलेल्या गाण्याचे स्वागत करताना टीकेने करावयाचे काम एवढेच, की हे कान त्याला वर्तमानात आणून द्यावेत. गायक परत आला आहे. आता ऐकणाऱ्याने यावयाचे आहे.